खिडकी, नऊवारी आणि चहाचं पाणी: जुन्या धाटणीचं पोर्ट्रेट घरच्या घरी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराला उत्तरेकडे एकच खिडकी आहे. ऊन कधीच आत येत नाही, म्हणून लहानपणी त्या खोलीला आम्ही 'थंड खोली' म्हणायचो. त्या खिडकीपाशी आत्याला बसवून मी जो फोटो काढला आणि गच्चीवर उन्हात छापला, त्याची कृती बरेच जण विचारतात. ती एकदा सगळी लिहून काढते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मोबाइलमधल्या सेपिया फिल्टरने फोटो जुना होत नाही, फक्त पिवळा होतो. १९व्या शतकातल्या फोटोंचं जे रूप आपल्याला भुरळ घालतं, ते त्या लोकांच्या अडचणींतून आलेलं आहे. प्रकाश एकाच बाजूचा, फोटो उमटवणारी प्लेट मंद, तिला लाल रंग दिसत नाही, आणि छापायला फक्त सूर्य. त्या चार अडचणी आपण मुद्दाम अंगावर घ्यायच्या. बाकीचं रूप आपोआप येतं.

कॅमेरा घरी ठेवून चित्रं बघा

बडोद्यात राहणाऱ्याला याची शिकवणी फुकट आहे. राजा रविवर्मा १८८१च्या सुमारास इथे आले आणि सयाजीराव महाराजांनी पुढे त्यांच्याकडून पौराणिक विषयांवरची १४ चित्रं करून घेतली. लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची चित्रं आहेत. जाताना वही-पेन्सिल न्या. प्रत्येक चित्रासमोर तीनच गोष्टी लिहायच्या: प्रकाश कुठून येतोय, चेहऱ्यावरचा सगळ्यात काळोखा भाग कोणता, आणि डोळ्यातला पांढरा ठिपका घड्याळाच्या किती वाजता आहे. दहा चित्रांनंतर लक्षात येतं की ठिपका बहुतेक वेळा वरच्या अर्ध्या भागात असतो. म्हणजे खिडकी उंच.

मग जमलं तर तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं बघा. तिथे माणसं आहेत, दागिने आहेत, लढाया आहेत, पण सावली जवळजवळ नाहीच. एकाच शहरात, थोड्याच दशकांच्या अंतराने, सावली नसलेलं चित्र आणि सावलीवर उभं राहिलेलं चित्र. मधल्या काळात इथे तेलरंग आला आणि फोटोही आला. रविवर्मा स्वतः फोटोंचा आधार घेत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी इथल्याच कलाभवनात शिकले आणि मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला. थोडं विषयांतर होतंय, पण इंदूरचे लाला दीनदयाळसुद्धा मूळचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. १८७४च्या आसपास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. चित्रकार, ड्राफ्ट्समन, फोटोग्राफर या भिंती तेव्हा पातळ होत्या. आपणही त्या पातळच समजूया.

खिडकी

उत्तरेची खिडकी नसेल तर जिथे ऊन थेट येत नाही ती कुठलीही चालेल. वेळ सकाळी दहा ते बारा. घरातले सगळे दिवे बंद, अगदी देवघरातला छोटा बल्बसुद्धा. त्याचा पिवळा डाग गालावर कुठे उमटेल सांगता येत नाही.

खिडकीचा खालचा अर्धा भाग जाड चादरीने झाका. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. उघडी अख्खी खिडकी चेहऱ्याला एका बाजूने सपाट उजळवते. खालचा भाग झाकला की प्रकाश वरून तिरका उतरतो, नाकाची सावली ओठांच्या दिशेला पडते, आणि गालावर हाड दिसायला लागतं. जुन्या स्टुडिओंना छताजवळ काचा असायच्या त्या याचसाठी.

माणूस खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खांदे किंचित आत वळलेले, चेहरा खिडकीकडे. मग त्याला हळूहळू चेहरा आत वळवायला सांगा आणि सावलीतल्या गालाकडे बघत राहा. एका क्षणी त्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण तयार होतो. तिथे थांबा. रेम्ब्रांटच्या चित्रांमुळे या प्रकाशाला त्याचंच नाव पडलंय.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर पांढरं धोतर किंवा चादर पलीकडच्या खुर्चीवर टाका. फार उजळ वाटली तर काळी शाल. थर्मोकोल वगैरे आणायची गरज नाही. मागे भिंत असेल तर ती माणसापासून निदान पाच फूट लांब हवी. आमच्या खोलीत तेवढी जागा नव्हती, म्हणून मी जुनी राखाडी सतरंजी टांगली.

आत्याला बसवणं

आत्या ७८ वर्षांची. तिला म्हटलं, दोन सेकंद हलायचं नाही.

"दोन सेकंदांसाठी एवढा तामझाम? आमच्या लग्नाच्या वेळी फोटोवाला 'स्माइल' म्हणाला नि उडवला फट्कन."

"आत्या, हसायचं नाहीये."

"मग काय, रडायचंय?"

जुन्या फोटोंतली माणसं गंभीर का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. हसू दोन सेकंद टिकवलं की ते दाताचं दुखणं वाटायला लागतं. सुरुवातीच्या डॅगेरोटाइपच्या (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच्या फोटोंच्या) काळात उन्हातसुद्धा मिनिटभर किंवा त्याहून जास्त बसावं लागे. मानेमागे लोखंडी आधार लावत. आपल्याकडे उंच पाठीची खुर्ची पुरते. डोकं तिला हलकं टेकवायचं आणि पदराने ती जागा झाकायची.

श्वासाची युक्ती सांगते. "श्वास रोख" म्हटलं की खांदे वर जातात आणि डोळे मोठे होतात. त्याऐवजी "श्वास सोड आणि सोडून झाल्यावर थांब" असं सांगा. नजरेला एक वस्तू द्या. आत्याला मी समोरच्या फडताळावरचा पितळी डबा दाखवला. ती म्हणाली, त्यात तिच्या आईची सुपारी असायची. त्यानंतरचे तीन फोटो सगळ्यात चांगले आले. वस्तू नेमताना हे लक्षात ठेवा.

हात मोकळे सोडू नका, एकावर एक ठेवायला सांगा. हात हलले तर फारसं बिघडत नाही; डोळे हलले तर बिघडतं.

कॅमेऱ्याची मांडणी

मोबाइल असेल तर प्रो मोड, कॅमेरा असेल तर मॅन्युअल. आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ५० किंवा १००, त्याच्या वर नाही. शटर एक ते दोन सेकंद, आणि त्याला जुळेल तसं छिद्र, म्हणजे भिंगातून उजेड आत घेणारं ॲपर्चर. कॅमेऱ्यावर साधारण एफ ८ ते ११ च्या दरम्यान येईल. मोबाइलला छिद्र बदलत नाही, तिथे खिडकीवर आणखी एक पातळ पडदा टाकून उजेड कमी करा. ट्रायपॉड हवाच. बटण दाबताना हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने टिपलेली सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणाऱ्या प्रकारात) ठेवा, ते पुढे लागणार आहे. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या किंचित खाली.

फोकस जवळच्या डोळ्यावर. पण थोडा चुकला तर फोटो लगेच डिलीट करू नका. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई कलकत्त्यात जन्मली, आणि वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३ साली, मुलीने भेट दिलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला लागली. तिचे चेहरे मऊ आहेत, कडा धूसर आहेत. समकालीन जाणकारांनी तिला त्याबद्दल बोल लावले. तिने फोकस तसाच ठेवला.

निळा तेवढा उजळ

आता लेखातला माझा सर्वात आवडता भाग. इंग्रज संशोधक टॅलबटचा मिठाचा कागद घ्या (मीठ आणि चांदीच्या द्रावणाने उजेड टिपणारा), डॅगेरोटाइप घ्या, किंवा १८५१ची फ्रेडरिक स्कॉट आर्चरची ओली कोलोडियन प्लेट (चिकट रसायन लावून ओली असतानाच वापरायची काच). या सगळ्यांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. रंगद्रव्य मिसळून प्लेटला हिरवं-पिवळं शिकवता येतं, हे जर्मनीत हेर्मान फोगेल यांना १८७३ साली सापडलं, आणि लाल शिकायला त्याहून वेळ लागला. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरं पांढरं असतं, कुंकू काळं दिसतं, आणि हळदीने पिवळी झालेली साडी शाई सांडल्यासारखी.

हे आपल्याला फुकटात करता येतं. फोटो संपादनाच्या ॲपमध्ये काळा-पांढरा करताना रंगांचा मिक्सर असतो. त्यात निळा पूर्ण वर, लाल आणि पिवळा-नारिंगी पूर्ण खाली. चॅनेल (फोटोतले लाल, हिरवा, निळा हे तीन थर) वेगळे करता येत असतील तर फक्त निळा चॅनेल घ्या, तो जास्त खरा. याच चॅनेलमध्ये दाणे, म्हणजे नको असलेले बारीक ठिपके, सगळ्यात जास्त येतात, म्हणून आयएसओ १०० चा आग्रह.

आता साडीचा विचार उलटा करायला लागतो. आत्याने आवडीची हिरवी नऊवारी काढली होती, लाल काठ आणि जर. निळ्या चॅनेलमध्ये लाल काठ काळा, जर काळपट, आणि हिरवा मधलाच, म्हणजे सगळं एकमेकांत मिसळून गेलं. मग जांभळी नेसायला लावली, तर ती फिकट राखाडी येऊन काठ उठून दिसला. सोन्याच्या पाटल्या गडद, मोत्यांची नथ लख्ख. जुन्या फोटोंत मोती एवढे का चमकतात, ते त्या दिवशी कळलं.

तोटाही सांगायला हवा. निळा प्रकाश त्वचेत फार खोल शिरत नाही. प्रत्येक सुरकुती, प्रत्येक डाग समोर येतो. स्क्रीनवर बघून आत्या म्हणाली, "एवढी म्हातारी आहे मी?" मी लाल थोडा वर घेतला. तडजोड करायला हरकत नाही, ज्याचा फोटो आहे त्याला तो बघवला पाहिजे.

कागदी निगेटिव्ह

ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदावर) इंकजेटने निगेटिव्ह छापतात, ते ठीक आहे. पण मला साधा कागद आवडतो. टॅलबट आपल्या कागदी निगेटिव्हला मेण लावून पारदर्शक करायचा. आपण गोडेतेल लावू.

फोटो आधी थोडा कमी कॉन्ट्रास्टचा करा, नाहीतर छापताना नाकापासून कानापर्यंत एकच पांढरा ठिगळ येतो. मग उलटा करा, म्हणजे काळ्याचा पांढरा, आणि डावं-उजवंही पालटा, कारण छापलेली बाजू कागदाला चिकटून बसणार आहे. लेझर प्रिंटच घ्या. इंकजेटची शाई तेलाने पसरते. आकार ए-फाइव्ह पुरे. प्रिंटच्या मागच्या बाजूने कापसाने तेल लावा, दहा मिनिटांनी जास्तीचं टिपा, आणि रात्रभर वर्तमानपत्रांच्या मध्ये वजनाखाली ठेवा. सकाळी उजेडात धरलं तर कागदाचे धागे दिसतात. तेच छापात उतरतात, आणि ते मला कुठल्याही फिल्टरपेक्षा बरे वाटतात.

रसायन आणि कागद

इंग्रज शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली सायनोटाइपची रीत वापरायची, म्हणजे लोखंडाच्या क्षारांनी उन्हात निळा छाप काढायची. चांदीच्या मिठांपेक्षा ती स्वस्त आणि बरीच निर्धोक.

पहिली बाटली: २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात. दुसरी: १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, १०० मिली पाण्यात. बाटल्या गडद रंगाच्या. वेगवेगळ्या ठेवल्या तर महिनोन्‌महिने टिकतात. पहिलीवर पावसाळ्यात बुरशी धरते, ती गाळून घ्यायची. वापरायच्या वेळीच दोन्ही समभाग मिसळा.

नाव नीट वाचा, हे कळकळीने सांगते. माझ्या पहिल्या खेपेला दुकानदाराने फेरिसायनाइडच्या जागी फेरोसायनाइड दिलं. एका अक्षराचा फरक. मी बंद खोलीत, झिरोच्या पिवळ्या दिव्यात दोन्ही द्रव मिसळले आणि वाटी तिथल्या तिथे गडद निळी झाली, ऊन न बघताच. मी अर्धा तास खिडकीच्या फटी शोधत बसले. फेरिसायनाइडचे खडे लालसर नारिंगी असतात, फेरोसायनाइडचे फिके पिवळे. पुडी उघडून बघूनच पैसे द्या.

हातमोजे घाला, भांडी वेगळी ठेवा, स्वयंपाकघरात पुन्हा नेऊ नका. आणि फेरिसायनाइड बाथरूममधल्या तेजाबाच्या जवळसुद्धा नको. तीव्र आम्लाशी त्याचा संयोग विषारी वायू देतो.

कागद १०० टक्के कापसाचा, जलरंगाचा, २०० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). त्यात खडूचा अंश असेल तर निळा रंग मरतो. कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका; बुडबुडे आले तर तो कागद दुसऱ्या कामाला ठेवा.

ए-फाइव्हला दोन्ही द्रव एक-एक मिली पुरतात. ब्रश धातूच्या पट्टीचा नको, लोखंड रसायनात उतरतं. पट्टीला टेप गुंडाळलात तरी चालेल. आडवे हात, मग उभे हात, लगेच. ब्रशच्या खडबडीत कडा तशाच सोडा, छापाला त्याच चौकट होतात. पंख्याखाली, अंधारात, पूर्ण वाळू द्या. ओलसर कागदावर तेलकट निगेटिव्ह ठेवलं तर दोन्ही वाया. मी तर मध्ये अगदी पातळ पारदर्शक प्लॅस्टिकही घालते.

गच्ची

जुन्या फोटोफ्रेमची काच, त्याखाली निगेटिव्ह, खाली कागद, खाली पाठीचा पुठ्ठा, चारी बाजूंनी कपड्यांचे चिमटे. पुठ्ठा मधोमध कापून दोन तुकड्यांत ठेवलात तर एक अर्धा उघडून छाप किती झालाय ते बघता येतं, निगेटिव्ह न हलता.

वेळ आधी पट्टीवर ठरवा. कागदाची एक चिंचोळी पट्टी निगेटिव्हखाली ठेवून पुठ्ठ्याने टप्प्याटप्प्याने झाकत जा: ५, १०, १५, २० मिनिटं. आमच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी तेलाच्या निगेटिव्हला १२ ते १५ मिनिटं लागली. ओएचपी शीटला त्याच्या निम्म्याहून कमी लागतात. डिसेंबरात हिशेब पुन्हा नव्याने.

रंग बघत राहा. पिवळट हिरवा, मग निळसर, मग काळोख्या भागांत करडी, जस्तासारखी झाक. करडेपणा दिसला की जास्त झालं असं वाटून नवखा माणूस घाबरून उचलतो आणि धुतल्यावर फिकट भूत हाती येतं. करडा येऊ द्या. बरंच धुऊन जाणार आहे.

मग घमेल्यात साधं पाणी, पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर. पिवळं पाणी निथळेपर्यंत पाच-दहा मिनिटं पाणी बदलत राहा. पाण्याखाली आधी कानाची कड दिसली, मग नथ, मग एकदम डोळे. निळा रंग पुढचा दिवसभर गडद होत जातो.

चहा

आत्याला निळा छाप दाखवला. "कृष्ण झाले की मी." तपकिरी हवी म्हणाली.

चमचाभर धुण्याचा सोडा लिटरभर पाण्यात. छाप पूर्ण धुऊन झालेला असावा. तो सोड्यात टाकला की निळा ओसरतो, जांभळट आणि मग फिकट पिवळा होतो. मिनिट-दीड मिनिटात काढा, चांगला धुवा. दुसरीकडे तीन मोठे चमचे चहापूड लिटरभर पाण्यात उकळून, गाळून, गार केलेली. साखर-दूध नाही, हे आमच्याकडे सांगावं लागलं. त्यात छाप अर्धा ते दोन तास. चहातलं टॅनिन लोखंडाला धरतं आणि काळपट तपकिरी छटा येते. कागदाचा पांढराही थोडा चहाळतो. तो नको असेल तर वेळ कमी ठेवा, पण मला तो हवाच असतो.

हौस असेल तर गालावर आणि काठावर जलरंगाचा अगदी पातळ हात द्या. जुने स्टुडिओ यासाठी चित्रकार पदरी ठेवत. बटबटीत होणं फार सोपं आहे, म्हणून मी नथीवरच थांबले.

ठेवायचा कुठे

निळा छाप तीव्र उजेडात फिका पडतो, मात्र अंधारात काही दिवस ठेवला की बराचसा परत येतो. चहाचा छाप त्या मानाने समंजस आहे. तरी दोन्ही उन्हाच्या भिंतीवर नकोत. साबण, सोडा, चुना यांच्यापासून दूर.

मी हौसेने काळ्या लाकडी फ्रेमचं माप घेतलं, दिवाणखान्यातली जागाही ठरवली. आत्या तो तपकिरी छाप हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "चांगला आलाय गं. पण भिंतीवर नको लावूस. मी अजून आहे."

तिने तो कपाटात, जांभळ्या नऊवारीच्या घडीत ठेवला. कोरडी जागा, पूर्ण अंधार. मी फक्त डांबरगोळ्या दुसऱ्या खणात सरकवल्या.